स्वामीजींचं पोर्ट्रेट, भाग ४: क्षितिजरेषा सापडली

मागच्या भागातली स्वामी विवेकानंदांची उभी आकृती काल रात्री पांढऱ्या रंगाखाली गाडली. तीन आठवड्यांचं काम गेलं. पण चूक कुठं होती ते एकदाचं कळलं, म्हणून झोपायच्या आधीच लिहायला बसलोय.

दुखणं जुनंच: माणूस मोठा वाटत नव्हता. ऑक्टोबर १८९२ मध्ये आपल्या बेळगावातच एस. महादेव अँड सन यांनी काढलेला फोटो समोर होता आणि चेहरा बऱ्यापैकी जमला होता. भव्यता यावी म्हणून मी क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी, थेट घोट्यापाशी नेली. आई चहा ठेवायला आली, बघून म्हणाली, "चन्नम्मा सर्कलातल्या पुतळ्यागत झालंय की रे हे!" बरोबर बोलली. कित्तूरच्या राणीला ते शोभतं. उंच चौथरा, घोडा, तलवार, खालून जाणारी रहदारी. पण कमंडलू, खिशात मावेल एवढी गीता आणि एक-दोन पुस्तकं घेऊन फिरणाऱ्या संन्याशाला चौथऱ्यावर चढवून कसं चालेल?

शिवाय मान बसेना. तीनदा रंगवली, तीनदा पुसली. घोट्याशी डोळा ठेवला तर हनुवटीची खालची बाजू दिसायला हवी, आणि फोटोतला चेहरा तर समोरून घेतलेला. माझ्या चित्रात पाय एकानं बघितलेले आणि डोकं दुसऱ्यानं. मानेचा काही दोष नव्हता, ती बिचारी दोघांच्या मध्ये सापडली होती.

रविवारी रिसालदार गल्लीत गेलो. सदाशिवराव भाटे वकिलांचं घर, स्वामीजी आधी इथंच उतरले, मग हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांकडे गेले. आता ते स्मारक आहे. वही घेऊन जमिनीवर मांडी घातली आणि भाट्यांच्या मुलाची आठवण डोक्यात आली. पुढं प्राध्यापक झालेल्या त्या मुलानं लिहून ठेवलंय: तो तेव्हा पाणिनीची अष्टाध्यायी, संस्कृत व्याकरणाची सूत्रं, पाठ करत होता, वडिलांनी म्हणायला लावलं, तो चुकला आणि स्वामीजींनी हसत दुरुस्त केलं. हाच तो डोळा! चौकातल्या वाटसरूचा नव्हे, पाठांतर अडलेल्या पोराचा.

घरी येऊन हिशेब मांडला. कॅनव्हासवर आकृती २८ इंच, स्वामीजींची खरी उंची पावणेसहा फूट धरली. मांडी घालून बसलेल्या पोराचे डोळे जमिनीपासून सव्वादोन फूट धरले, तर रेषा पावलांपासून ११ इंचांवर येते, म्हणजे मांडीच्या मध्यावर. कोळशानं नुसती रेघ ओढली आणि खोली तयार झाली. भिंत मागं सरली, जमीन खाली बसली. अर्धा तास नुसता बघत बसलो.

भगव्याचंही जमलं. मागच्या भागावर ज्यांनी कॅडमियम ऑरेंज सुचवला होता त्यांनी माफ करावं, तो झेंड्याचा रंग होतो. यलो ऑकर, त्यात बर्न्ट सिएना, सावलीत रॉ अंबर आणि अल्ट्रामरीनचा कण. अंगावर धुतलेलं कापड वाटतं. तयार कॅनव्हास मात्र आता मागवणार नाही. शेवटचा असा तेल प्यायला की रंग दुसऱ्या दिवशी खडूसारखा मेला. खडेबाजारातून जाड कापड आणून घरीच ताणतो, जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात, मध्ये पॉलिश पेपर.

मानेचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. मुलगा दहा फुटांवर बसला तरी त्याला सतराएक अंश वर बघावं लागतं, म्हणजे हनुवटी थोडी दिसणारच. मुलाला अंगणात, पंधरा फुटांवर नेलं तर साडेअकरा अंश...

थांबा. स्वामीजींनाच खाली बसवलं तर? चटईवर, मुलासमोर. दोघांचे डोळे जवळजवळ एका पातळीवर येतील, फोटोतला चेहरा आहे तसा चालेल, मान आपोआप बसेल. संन्याशाच्या दंडाऐवजी ते वापरत ती लांब काठी भिंतीला टेकलेली, कमंडलू शेजारी. कॅनव्हास आडवा करावा लागेल. मोठेपण उंचीतून येणारच नाही मग, ते त्या मुलाच्या उघड्या पोथीवर टेकलेल्या बोटातून आणावं लागेल.

उद्या पुतण्याला मांडी घालून बसवतो आणि बोटाचे स्केच करतो. पांढरा थर वाळायला तसाही आठवडा जाईल.