गेटपासून सुरू केलेली साथीची तयारी : माझा अनुभव

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात मी संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून काम करते. श्वसनमार्गाने पसरणाऱ्या आजाराची साथ आलीच, तर आपले कर्मचारी कितपत तयार आहेत, हा प्रश्न २०२५च्या जानेवारीत एचएमपीव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा आमच्या व्यवस्थापनाला पडला आणि बातम्या ओसरल्यावर तो मागेही पडला. पावसाळा तोंडावर आल्यावर संसर्ग नियंत्रण समितीने तो पुन्हा वर काढला आणि प्रशिक्षणाचे काम माझ्याकडे आले. खरे तर या शहराला साथीची ओळख करून द्यावी लागू नये. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू २००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यातच झाला आणि ९ मार्च २०२० रोजी राज्यातले कोविडचे पहिले दोन रुग्णही इथल्याच नायडू रुग्णालयात दाखल झाले. त्यामुळे ‘आम्ही कोविड काढला आहे, आता नवीन काय शिकवणार?’ असा सूर जुन्या मंडळींकडून ऐकू आला, तो अगदीच अनाठायी नव्हता. मात्र आमच्याकडच्या परिचारिकांपैकी बऱ्याच जणी त्यानंतर नोकरीला लागलेल्या होत्या, हे कोणी लक्षात घेतले नव्हते.

पहिला वाद झाला तो यादीवरून. माझ्याकडे आलेल्या यादीत डॉक्टर होते, अतिदक्षता विभागातल्या सिस्टर होत्या आणि बाकी कोणीच नव्हते. वॉचमन, केस पेपर काढणारी मुले, लिफ्टमन, एक्स-रे तंत्रज्ञ, मावशी आणि मामा यांनाही घ्यावे असा आग्रह मी धरला. २००३च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत जगभरातल्या दर पाच रुग्णांमागे साधारण एक आरोग्य कर्मचारी होता, आणि २०१५ मध्ये दक्षिण कोरियात परदेशातून परतलेल्या एका प्रवाशापासून सुरू झालेली मर्स या तशाच श्वसनरोगाची साखळी मुख्यतः रुग्णालयांतूनच वाढत १८६ जणांपर्यंत गेली, हे समितीपुढे मांडले. निदान होण्यापूर्वीचे काही तासच सर्वांत धोक्याचे असतात आणि त्या वेळात खोकणारा माणूस डॉक्टरांना नव्हे, तर वॉचमनला, काउंटरवरच्या मुलाला आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्या मामांना भेटलेला असतो. समितीला हे पटले, पण कंत्राटी माणसांच्या प्रशिक्षणाचे तास कोणाच्या खात्यात टाकायचे यावर पुढे बरीच पत्रापत्री झाली.

गेटवरचे काम त्या मानाने सोपे निघाले. ताप आहे का, खोकला किंवा दम लागतो का, घरात आणखी कोणी आजारी आहे का, एवढेच विचारायचे. उत्तर ‘हो’ आले तर रुग्णाला साधा तीनपदरी मास्क द्यायचा आणि उघड्या खिडकीजवळच्या वेगळ्या बाकावर बसवायचे. सरावासाठी आमच्याच एका कर्मचाऱ्याला रुग्ण आणि दुसऱ्याला त्याचा चिडका नातेवाईक केले, आणि नातेवाइकाने भूमिका इतकी मनापासून वठवली की ओपीडीतले खरे लोक मध्यस्थीला आले. त्या गोंधळात एक गोष्ट कळली. ‘मास्क घाला’ म्हटले की माणसे हुज्जत घालतात, ‘आत लहान मुले बसली आहेत, म्हणून घाला’ म्हटले की बहुतेक जण घालतात. हे वाक्य आमच्या वॉचमनने स्वतः शोधले आणि आता तेच सगळ्यांना शिकवले जाते.

सर्वाधिक वेळ घेतला फिट टेस्टने, म्हणजे मास्क चेहऱ्यावर नीट बसतो का हे पाहण्याच्या चाचणीने. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण चेहऱ्याच्या कडेने फट राहिली तर या आकड्याला काही अर्थ उरत नाही. चाचणी अशी असते : आधी मास्कशिवाय डोक्यावर हूड चढवून सॅकरिनचा अगदी सौम्य फवारा मारायचा, गोड चव कळते याची खात्री करायची, मग मास्क लावून त्याहून दाट द्रावण फवारायचे आणि माणसाला खोल श्वास घ्यायला, मान वळवायला, वर-खाली बघायला, बोलायला व वाकायला सांगायचे. मध्येच गोड लागले की चाचणी नापास. बोलण्यासाठी इंग्रजी उतारा वाचून घेण्याची पद्धत आहे. आम्ही पाढे म्हणायला सांगितले आणि सतराच्या पाढ्यापाशी अनेकांचा श्वास आपोआपच जलद झाला.

श्रावण असल्यामुळे अडचणीही श्रावणातल्याच आल्या. एका मावशींनी हूडखाली जाण्याआधी विचारले, “सिस्टर, आज माझा सोमवार आहे, हे गोड उपासाला चालतं का?” कडू चवीचे दुसरे द्रावण किटमध्ये होते, त्यावर त्यांनी आनंदाने चाचणी दिली. एका ब्रदरने महिनाभर दाढी न करण्याचे व्रत धरले होते. दाढीच्या खुंटांमुळे मास्कची कड चेहऱ्याला टेकतच नाही आणि त्यावर पट्टी कितीही आवळली तरी उपयोग होत नाही. त्याच्याशी वाद न घालता श्रावण संपेपर्यंत त्याची ड्युटी श्वसनरोगाचे रुग्ण नसलेल्या वॉर्डात लावली. “पण सिस्टर, खरंच साथ आली तर मी त्याच दिवशी दाढी करतो, देव समजून घेईल,” असे त्याने स्वतःहून सांगितले. बारीक चेहऱ्याच्या कितीतरी मुली मात्र कोणतेही व्रत नसताना नापास झाल्या, कारण खरेदी विभागाने एकाच मापाचे आणि तेही कानात अडकवायच्या पट्ट्यांचे मास्क आणले होते. डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचे, लहान मापाचे मास्क मागवल्यावर त्यांतल्या बहुतेक जणी पास झाल्या. वरची पट्टी अंबाड्याच्या वर आणि खालची मानेवर, हेही प्रत्येकीला आरशासमोर उभे करून दाखवावे लागले. फिट टेस्ट वर्षातून एकदा करायची असते, पण दोन्ही तळव्यांनी मास्क झाकून हवा कडेने निसटते का हे पाहण्याचा सील चेक दर वेळी करायचा असतो, आणि तोच सर्रास विसरला जातो.

डॉफिंग, म्हणजे संरक्षक पोशाख उतरवणे, हा माझ्या मते सगळ्यांत धोक्याचा भाग आहे, कारण तोवर माणूस दमलेला, घामाघूम झालेला आणि घाईत असतो. आम्ही पोशाखावर अतिनील दिव्याखाली चमकणारे लोशन लावले, सगळ्यांना नेहमीप्रमाणे तो उतरवायला सांगितला आणि खोलीतले दिवे घालवले. मनगटे, हनुवटीखालचा भाग आणि चष्म्याच्या काड्या निळसर चमकू लागल्या, तेव्हा व्याख्यानाची गरजच उरली नाही. एका मावशींच्या मंगळसूत्रावर आणि काचेच्या बांगड्यांच्या फटींत लोशन भरले होते. बांगड्या काढा असे मी त्यांना आधी अनेकदा सांगितले होते, तेव्हा त्या हसून विषय बदलत असत. त्या दिवशी दिवे लागल्यावर त्यांनी त्या स्वतः काढून लॉकरमध्ये ठेवल्या, मंगळसूत्र मात्र ब्लाउजच्या आत टाकून वरून गाऊन बांधायचे असे आमचे ठरले. आता हातमोजे, मग गॉगल, मग गाऊन आणि खोलीबाहेर आल्यावर शेवटी मास्क हा क्रम दारावर चित्रांसह लावला आहे. प्रत्येक टप्प्यानंतर हात निर्जंतुक करायचे. गॉगल व हातमोजे लाल पिशवीत आणि मास्क पिवळ्या पिशवीत टाकायचे.

विलगीकरण खोलीचे काम तांत्रिक विभागाने केले, त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. तासाला किमान १२ वेळा हवा बदलावी आणि बाहेरची हवा आत जावी, आतली बाहेर येऊ नये, हा निकष आहे. यंत्रावरचा आकडा बरोबर असूनही मी दाराच्या फटीशी उदबत्ती धरून धूर आत ओढला जातो ना, हे पाहून घेतले. ती सवय मी सोडणार नाही.

या सगळ्या तयारीला खरी ठेच लागते ती पगाराच्या तक्त्याशी. कंत्राटी मावशींना गैरहजेरीच्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे ताप आला तरी गोळी घेऊन कामावर येणे हा त्यांच्यासाठी सरळ हिशेब आहे. रोजच्या लक्षणांच्या नोंदवहीत सुरुवातीला त्यांच्या नावापुढे कायम ‘ठीक’ लिहिलेले असे आणि ते खोटे आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. ताप-खोकला असलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यालाही तपासणीचा निकाल येईपर्यंत भरपगारी रजा द्यावी, असे पत्र मी समितीमार्फत दिले. व्यवस्थापनाने ते फक्त साथ जाहीर झाल्यास लागू होईल अशा अटीवर मान्य केले. साथ जाहीर होते तोवर ती वॉर्डात येऊन गेलेली असते, हे मी बैठकीत सांगितले आहे व इतिवृत्तात नोंदवूनही घेतले आहे. पुढच्या बैठकीत ती अट काढण्याचा विषय पुन्हा ठेवला आहे. रात्रपाळीच्या लोकांचा गेटवरचा सरावही अजून व्हायचा आहे. तो गणपतीच्या गर्दीआधी उरकावा यासाठी मी वेळापत्रक लावून दिले आहे.