कॅसलक्रॅग : झाडांना आधी जागा देणारी वसाहत

सिडनीच्या उत्तरेस, मिडल हार्बरच्या खडकाळ उतारावर कॅसलक्रॅग हे उपनगर वसले आहे. कॅनबेराचा आराखडा करणारे वॉल्टर बर्ली ग्रिफिन आणि त्यांच्या वास्तुविशारद पत्नी मॅरियन महोनी यांनी १९२० च्या दशकात ते आखले. जमीन सपाट करून तिच्यावर रस्त्यांची चौकट लादण्याऐवजी ग्रिफिन यांनी उताराच्या वळणांनुसार अरुंद रस्ते नेले, त्यांना किल्ल्याच्या भागांची नावे दिली (तटबंदीपासून बुरुजापर्यंत!) आणि घरांच्या मागून पाण्याच्या दिशेने जाणाऱ्या पायवाटा व सार्वजनिक राखीव जागा मोकळ्या ठेवल्या. स्थानिक वालुकाश्माची, सपाट छपरांची ती बुटकी घरे आजूबाजूच्या खडकांतूनच उगवल्यासारखी वाटतात. कुंपणे आणि लाल कौले यांना तर खरेदीच्या अटींतच मनाई होती. हा कडकपणा मला काहीसा हेकट वाटतो. पण आज तिथे जी गर्द सावली आहे, तिचे बरेचसे श्रेय मी त्यालाच देईन.

ग्रिफिन यांच्या हातून इथे मोजकीच घरे उभी राहिली, कारण असली घरे त्या काळच्या ग्राहकांना रुचत नव्हती आणि पुढे जागतिक मंदीही आली. दरीतले खुले नाट्यगृह मात्र मॅरियन यांच्या उत्साहातून १९३० च्या दशकात साकारले. १९३५ मध्ये ग्रिफिन कामानिमित्त लखनौला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. त्यांचे दफनही तिथेच झाले.