प्रोटिएजचा जीन आणि स्टोअरच्या कपाटावरचं लायगेज

उसातल्या हुमणीवर मेटारायझियम बुरशी वापरतात, हे शेतकऱ्यांना नव्याने सांगायला नको. किडीचं कवच फोडून आत शिरताना ती पीआर-१ नावाचं प्रथिनं पचवणारं एन्झाइम (प्रोटिएज) सोडते. एका स्थानिक स्ट्रेनमधून त्याचाच जीन मला पीएचडीसाठी क्लोन करायचा होता, म्हणजे वेगळा काढून जिवाणूत त्याच्या प्रती वाढवायच्या होत्या.

बुरशीचा आरएनए काढणं, त्यावरून डीएनए प्रत (सीडीएनए) बनवणं, पीसीआरने जीनच्या प्रती वाढवणं, सगळं सुरळीत पार पडलं. जेलवर १२०० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आसपास स्वच्छ बँड. आता तो वेक्टरला, म्हणजे जिवाणूत वाहून नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळाला (प्लाझ्मिडला) जोडायचा, आणि जोडणारं टी४ डीएनए लायगेज संपलेलं!

पर्चेसने आधी 'जेम'वर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) वस्तू मिळत नसल्याचा रिपोर्ट मागितला. दिला. मग तीन कोटेशनं. दिली. मग सर्वांत स्वस्त का नको, याचं लेखी कारण. "मॅडम, शेवटी डिंकच ना? कुठलाही चालेल की," इति तिथले बाबू. मग साहेब रजेवर, मग मार्चएंड. अखेर कुपी आली ती शुक्रवारी संध्याकाळी. स्टोअरने सही करून डबा कपाटावर ठेवला आणि मला सोमवारी फोन केला. थर्मोकोलचं झाकण उघडलं तर जेलपॅक लिबलिबीत, चक्क कोमट. कुपीवरचं लेबल भिजून सुटलेलं. उणे २० अंशांवर ठेवायचा माल! तरी लावून पाहिलं. तुलनेसाठी अखंड प्लाझ्मिड घातलेल्या जिवाणूंच्या प्लेटवर कॉलन्या गच्च, माझ्या लायगेशनच्या (जोडणीच्या) प्लेटवर शुकशुकाट. बदलून मागावं, तर पावतीवर 'माल सुस्थितीत मिळाला' असं लिहून स्टोअरवाले मोकळे झालेले.

शेवटी शेजारच्या लॅबमधून एक मायक्रोलिटर उसनं आणलं, रात्रभर १६ अंशांवर ठेवलं. पांढऱ्या कॉलन्या आल्या, म्हणजे वेक्टरमध्ये जीन बसल्याची खूण. तेव्हा ऑर्डरवरच लिहून घ्या: डिलिव्हरी आठवड्याच्या सुरुवातीला आणि थेट लॅबमध्ये.

हो, बुरशी वाढवताना माध्यमात ग्लुकोज नको. आयतं खायला मिळालं की ती हा जीन दाबून ठेवते. किडीच्या कवचाची पूड घाला.

सँगर सिक्वेन्सिंगमध्ये (डीएनएची अक्षरं वाचण्याच्या पद्धतीत) एका टोकाकडून सातआठशे बेसच धड वाचता येतात, म्हणून जीनच्या दोन्ही बाजूंनी वेक्टरवर बसणारे एम१३चे दोन्ही प्रायमर वापरले. जुळवलेल्या सिक्वेन्सचं प्रथिनाच्या अमिनो आम्लांत भाषांतर केलं आणि सेरीन या अमिनो आम्लाभोवतीची जी-टी-एस-एम-ए ही सबटिलिसिन या प्रोटिएज घराण्याची खूण दिसली, तेव्हा लॅबमध्ये एकटीच ओरडले.

पांढरी कॉलनी दिसली म्हणून लगेच सिक्वेन्सिंगला धाडू नका, आधी कॉलनी पीसीआर करा, म्हणजे कॉलनीतल्या जिवाणूंवरच पीसीआर करून जीन आहे का ते पाहा. रिकामा वेक्टर निघाला तर पुढच्या नमुन्याचे पैसे पुन्हा पर्चेसकडूनच मंजूर करून घ्यावे लागतात.