आरटीईची लॉटरी लागली, पण भाडेकरार संपला होता

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा; त्याखाली खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना लॉटरीनं, विनाफी मिळतात. त्याचा अर्ज कसा भरायचा हे सांगणारे व्हिडिओ ढिगानं सापडतात. लॉटरी लागल्यावर पडताळणीच्या टेबलावर काय वाढून ठेवलेलं असतं, ते कोणी सांगत नाही. म्हणून लिहितेय. राग अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मुलीचा पहिलीचा प्रवेश, साल 2024, पुणे. त्या वर्षी 9 फेब्रुवारीला राज्य सरकारनं नियमच फिरवला. खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेनं 25 टक्के जागा द्यायची गरज नाही. आता शहरात अशी खासगी शाळा दाखवा, जिच्या किलोमीटरभरात महापालिकेची शाळा नाही! एप्रिलमध्ये अर्ज उघडला तर आमच्या यादीत महापालिकेचीच शाळा पुढे. अहो, तिथे नाव घालायला लॉटरी कशाला? सरळ जाऊन घालता येतं की. तरी नवरा म्हणाला, भरून ठेव. भरला.

6 मे रोजी हायकोर्टानं त्या नियमाला स्थगिती दिली आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून. आधीचा बाद. या खेपेला खासगी शाळा यादीत परत आल्या. आम्ही ओबीसी, त्यामुळे जातीचा दाखला पुरला. खुल्या गटाला एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो शेवटच्या आठवड्यात काढायला जाऊ नका, दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात मुंगीला वाट नसते.

7 जूनला लॉटरी काढली आणि निकाल ठेवला झाकून, कारण कोर्टात सुनावणी बाकी. जूनच्या मध्याला शाळा सुरू झाल्या. खालच्या मजल्यावरची मुलं नवी दप्तरं घेऊन जायची आणि आमची गॅलरीतून बघायची, 'माझी शाळा कुठली?' ज्यांच्याकडे पैसे होते ते फी भरून मोकळे झाले. 19 जुलैला हायकोर्टानं नियम रद्द केला. कायद्यानं जे मुलांना दिलंय ते सरकार नियम करून काढून घेऊ शकत नाही, असा त्याचा अर्थ मला कळला. दुसऱ्या दिवशी यादी लागली. मुलीचं नाव होतं. मेसेज आलाच नाही, पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून बघितलं म्हणून कळलं. मेसेजवर विसंबून राहू नका.

23 जुलैपासून प्रवेश. अलॉटमेंट लेटर, हमीपत्र, सगळ्या कागदांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स घेऊन पडताळणी समितीकडे गेले. टेबलावरच्या मॅडमनी जन्मदाखला बघितला, टिक. जातीचा दाखला, टिक. पत्त्याचा पुरावा म्हणून दिलेला भाडेकरार उलटा-सुलटा केला आणि बोट एका ओळीवर ठेवलं.

"ताई, तुमचा करार तीस जूनला संपलाय."

संपला होताच. ऑगस्ट 2023 पासूनचा अकरा महिन्यांचा करार. मेमध्ये अर्ज भरला तेव्हा चालू होता. प्रवेश नेहमीसारखे वेळेवर झाले असते तर जूनमध्येच काम उरकलं असतं. मी म्हटलं, नवीन केलाय, हा घ्या. जुलैत एजंट घरी अंगठ्याचं मशीन घेऊन आला होता, घरमालक काकांचा आणि आमचा अंगठा घेऊन रीतसर नोंदणी झाली होती. मॅडमनी तोही बघितला. "हा अर्जाच्या तारखेनंतरचा आहे. भाडेकरार अर्ज भरण्याच्या आधी नोंदवलेला लागतो."

म्हणजे जुना चालत नाही कारण संपला, आणि नवा चालत नाही कारण नवा! मी विचारलं, मग अर्जाच्या आधीचा आणि आजही चालू असलेला करार मी आणू कुठून? मॅडम म्हणाल्या, "नियम आम्ही केलेला नाही." पुढचा नंबर घेतला.

माझ्यामागे एक दादा उभे होते, त्यांचीही तीच गत. रांगेत भाड्यानं राहणारे थोडे का होते? आरटीईला अर्ज करणाऱ्यांपैकी स्वतःचं घर असणार किती जणांचं? सरकारनं नियम बदलून वेळ घालवला, कोर्टात वेळ गेला, आणि तारखेचा हिशोब मात्र आमच्या फायलीत बघायचा. 25 तारखेला तर शहरात पाणी भरलं, शाळांना सुट्टी दिली, आणि 31 जुलैची मुदत डोळ्यासमोर. मुदत पुढे वाढली, पण ते तेव्हा थोडंच माहीत होतं. नवऱ्यानं टेम्पोच्या फेऱ्या सोडून माझ्याबरोबर यायला सुरुवात केली. तो रागाच्या भरात नगरसेवकाला फोन लावू म्हणाला. मी म्हटलं, थांब.

पोर्टलवरची कागदपत्रांची सूचना प्रिंट काढली. त्यात अट एवढीच होती की करार अर्जाआधी नोंदवलेला आणि किमान अकरा महिन्यांचा हवा. पडताळणीच्या दिवशी करार चालू हवा, असं त्यात एका ओळीतही नव्हतं. अटीच्या ओळीवर पिवळा मार्कर मारला. जुना करार, नवा करार, दोन्हींची इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), आणि त्याच पत्त्याचं बँकेचं पासबुक अशी चळत लावून मॅडमच्या टेबलाला वळसा घालून आतल्या अधिकाऱ्यांकडे गेले. शिपाई अडवत होता, पण साहेबांनीच 'येऊ द्या' म्हटलं. त्यांनी दोन्ही करारांवरचा फ्लॅट नंबर बोटानं जुळवून पाहिला, घरमालकाचं नाव बघितलं, आणि विचारलं, "मधे घर बदललंय का?" नाही म्हटलं. "मग अडलंय कुठे?" म्हणून जुन्या करारावर सही केली. बाहेर आल्यावर मॅडमनी काही न बोलता शिक्का मारला. मागच्या दादांना मी मार्कर मारलेला कागद देऊन टाकला.

शाळेत त्यानंतर काही अडलं नाही. ऑफिसातल्या बाईंनी 'सरकारकडून आमचे पैसे येत नाहीत' हे ऐकवलं, तेवढं ऐकून घ्या. सरकारनं तेव्हा एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये ठरवले होते आणि तेही थकवले होते, हे खरंच आहे, पण ती वसुली शाळेनं सरकारकडून करायची. 9 ऑगस्टला सुप्रीम कोर्टानंही हायकोर्टाच्या निकालाविरुद्धची शाळांची याचिका फेटाळली, तोवर मुलीची पहिली चाचणी तोंडावर आली होती.

अरे हो, राहिलंच. अर्जात नकाशावरचा लाल फुगा नीट बसवा. घरापासून शाळेचं अंतर त्यावरून मोजतात. आमचा आपोआप कालव्यापलीकडे जाऊन बसला होता. झूम करून बिल्डिंगच्या गच्चीवर आणला तेव्हा दोन शाळा एक किलोमीटरच्या आत आल्या, आणि त्यातलीच एक लागली.

समोरच्या ताईंचा मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. त्यांचा करार एप्रिलमध्ये संपतो. त्यांना सांगितलंय, मुद्रांकाचे थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण या वेळी अकरा महिन्यांचा करू नका, छत्तीसचाच करा.