सव्वादोन मिलिमीटर पाणी

परवा दुपारी काम संपवून कीबोर्डवरून हात उचलला, तरी कॉम्प्युटर आपला बोलतच होता. वॉटर कूलिंग बसवलं ते शांततेसाठी, आणि 240 मिलिमीटरच्या रेडिएटरवरचे (म्हणजे गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीवरचे) दोन पंखे जेट सुटल्यासारखे. पलीकडून तळहात धरून पाहिला. वारा म्हणाल तर फुंकर.

चूक माझीच. पंखे घेताना खोक्यावरचा हवेचा आकडा तेवढा बघितला होता. तो आकडा मोकळ्यावरचा असतो, पुढे काही आडवं नसतानाचा. रेडिएटरच्या दाट पत्र्यांतून हवा काढायची तर पंख्यात रेटा लागतो, ज्याला स्टॅटिक प्रेशर म्हणतात.

हे नागपुरात वाढलेल्या माणसाला कळू नये? आमच्या घरी एप्रिल लागला की माळ्यावरून कूलर उतरायचा. बाबा पत्र्याच्या टाकीला आतून रंग द्यायचे, टुल्लू पंप बादलीत बुडवून चालतो का बघायचे आणि तीन बाजूंना वाळा भरायचे. पहिलं पाणी पडलं की घरभर तो वास. जूनपर्यंत बोअरच्या पाण्याचे क्षार बसून वाळा खडखडीत व्हायचा आणि मग पंखा नुसताच ओरडायचा. आजोबा खाटेवरून म्हणायचे, "अरे पोट्ट्या, हवा कुठून येईन? ताटी झटक आधी." स्टॅटिक प्रेशरवर याहून चांगली व्याख्या माझ्या वाचनात नाही.

गंमत म्हणजे हा रेटा मोजतात पाण्याच्या उंचीत. नोक्टुआ या पंखे बनवणाऱ्या कंपनीचा तो तपकिरी, कुणाच्याही डोळ्यांत न भरणारा 120 मिलिमीटरचा पंखा मिनिटाला 2000 फेऱ्या मारून 2.34 मिलिमीटर पाणी तोलतो. सव्वादोन मिलिमीटर! नारळपाण्याच्या नळीत ओठांनी आपण याच्या कितीतरी पट ओढतो. पण तेवढ्यासाठी त्यांनी पात्याचं टोक आणि चौकट यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर फट ठेवली आहे, म्हणजे दाबलेली हवा कडेने मागे पळायला नको. रंग मात्र तसाच. माझी त्याबद्दल तक्रार आहे आणि राहील.

आवाजाचं गणित त्याहून मजेशीर. एकाच्या जोडीला तसाच दुसरा पंखा लावला तर 3 डेसिबल वाढतात. फेऱ्या निम्म्या केल्या तर साधारण 15 कमी होतात. म्हणजे मोठा रेडिएटर घ्यावा, पंखे जास्त लावावेत आणि सगळ्यांना डुलत डुलत चालवावं. सरकारी कचेरीसारखं.

तरी डेसिबल म्हणजे सगळं नाही. एकसुरी 'हूं' मी रात्रभर ऐकेन, पण मधेच 'टिक' करणारं बेअरिंग मला उठवून बसवतं. बायको म्हणते, "कुठे येतोय आवाज?" आवाज येतोय हे पटवण्यासाठी मी तिला दोनदा खुर्चीत बसवलं. आता ती बसत नाही.

शेवटी पंखे बदलले, कोपऱ्यांना रबर लावलं, 800 फेऱ्यांवर आणून ठेवले. दहा मिनिटं स्वर्ग. मग पंपाची गुणगुण ऐकू आली. पंपावर उपाय शोधताना डोक्यावरच्या सीलिंग फॅनची कटकट ऐकू आली, जी बहुधा दहा वर्षांपासून आहे.

नागपूरच्या घरी आता एसी आहे. कूलर अंगणात, त्याच्या टाकीत आईने पुदिना लावलाय. एसी इतका गुपचूप चालतो की बाबांना, एरवीही त्यांना ऐकू कमीच येतं, तो चालू आहे की बंद ते समजत नाही. मागच्या मे महिन्यात गेलो होतो. दुपारी झोपेतून उठले, अंधारात तळहात वर करून तसेच धरून बसले.

"आहे चालू," मी म्हणालो. त्यांना ऐकू आलं नाही.