सहा हजारांचं मूल

२०२३ च्या एप्रिलमध्ये आमच्या संस्थेच्या सरांनी जाता जाता विचारलं, "पाळणाघरात एका मुलामागे आपला वर्षाचा खर्च किती पडतो हो?" मी कॅल्क्युलेटर ओढला. वर्षाचा खर्च १८ लाख ६० हजार, पटावरची मुलं ३१०. उत्तर आलं सहा हजार, बरोबर सहा हजार. हिशेबात असा गोल आकडा आला की मला आधी संशय येतो. पण सरांना तो आवडला आणि त्याच दिवशी देणगीदार कंपनीला कळवूनही झाला.

आमची संस्था लहान आहे. पुण्याच्या कडेला बांधकामाच्या साइटवर तीन पाळणाघरं चालवतो, वाघोलीकडे दोन आणि मोशीला एक. मजुरांची सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं तिथे दिवसभर असतात. प्रत्येक केंद्रावर दोन ताया. मी किर्द-खतावणी सांभाळते. मुलं सांभाळण्यातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते.

महिनाभराने कंपनीकडून मूल्यमापन बघणारी एक तरुण मुलगी आली. चहा होईपर्यंत हजेरीपट चाळत बसली आणि म्हणाली, "ताई, ही ३१० मुलं रोज येतात?"

रोज कशी येतील? दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून, छत्तीसगडातून बिऱ्हाडं येतात, पेरणीला परत जातात. मुकादमाने साइट बदलली तर एका रात्रीत शेड रिकामी. एक मूल नऊ दिवस आलेलं होतं, एक जवळजवळ वर्षभर. माझ्या भागाकारात दोघांवर सहा-सहा हजारच.

मग तीनही केंद्रांचे बारा-बारा महिन्यांचे पट घेऊन मी हजेऱ्या मोजल्या. चार दिवस गेले. एकूण भरल्या २७,९००. केंद्रं वर्षातून ३०० दिवस उघडी, म्हणजे रोजची मुलं सरासरी ९३. त्याच १८ लाख ६० हजारांना ९३ ने भागलं तर एका जागेचा वर्षाचा खर्च २० हजार. एका मुलाच्या एका दिवसाला सुमारे ६७ रुपये. वरचा आकडा जागचा हललेला नाही, फक्त खालचा बदलला आणि खर्च तिपटीच्या वर गेला. खालचा आकडा कुणी कसा निवडला, हे तेव्हापासून मी प्रत्येक अहवालात आधी बघते.

सर वैतागले. विश्वस्तांच्या बैठकीत एकांनी विचारलंच, "अंगणवाडीत सरकार ८ रुपयांत भागवतं, तुम्हाला ६७ कसे लागतात?" ते ८ रुपये म्हणजे २०१७ मध्ये ठरलेला, एका मुलाच्या एका दिवसाच्या पूरक आहाराचा दर. त्यात सेविकेचं मानधन नाही, मदतनिसाचं नाही, इमारत नाही. शिवाय अंगणवाडी दुपारी बंद होते, आणि स्लॅबचं काम दुपारी थांबत नाही. हे मी बैठकीत बोलले. एरवी मी बैठकीत फक्त ताळेबंद वाचते.

त्या मुलीने मला घटक पद्धत शिकवली. हेन्री लेव्हिन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये ती मांडली. पैशांपासून सुरुवातच करायची नाही. कार्यक्रम चालायला काय काय लागतं ते सगळं आधी लिहायचं. माणसं, जागा, सामान, लोकांचा वेळ. त्याचे पैसे कुणी दिले, दिले की नाही, हे नंतर. पुरणपोळीचं साहित्य लिहावं तसं, मी म्हटलं. मग मनात आलं, त्या साहित्यात डाळ असते, गूळ असतो, पण पुरण वाटणारीचे हात कुणी लिहीत नाही. इथे ते लिहायचे होते.

जागा बिल्डरने फुकट दिलेली. आमच्या खतावणीत शून्य. पण उद्या त्याने शेड काढून घेतली तर? आसपास तशी खोली महिना ८ हजारांना मिळते. तीन केंद्रांचे वर्षाचे २ लाख ८८ हजार. डॉक्टर महिन्यातून एकदा प्रत्येक केंद्रावर येतात, पैसे घेत नाहीत. त्यांची एक फेरी १,५०० धरली, ५४ हजार झाले. गाद्या, पाळणे, कपाटं दोन वर्षांपूर्वी १ लाख २० हजारांची घेतली होती, म्हणून यंदाच्या खर्चात दिसतच नव्हती. चार वर्षं टिकतील असं धरून यंदाचा वाटा ३० हजार. समन्वयक बाईंचा पगार दुसऱ्या प्रकल्पातून निघतो, पण त्यांचा ३० टक्के वेळ पाळणाघरांवर जातो. महिना २५ हजारांचे ३० टक्के, वर्षाचे ९० हजार. इथवर कुणी हरकत घेतली नाही.

अडलं ते तायांच्या वेळेवर.

पंधरा दिवस त्यांनी तक्ता भरायचा होता, किती वाजता आलात, काय केलंत, किती वाजता निघालात. पहिल्या दिवशी तीन तक्ते कोरे आले. वाघोलीच्या जुन्या ताईंनी मला फोन केला, "मॅडम, वेळ मोजून पगार कापायचा विचार आहे का?" मी तिथे गेले, सतरंजीवर बसले आणि सांगितलं की कापायचा असता तर तक्ता कशाला, ते मी ऑफिसात बसूनही केलं असतं. त्या हसल्या. विश्वास बसला की नाही ते त्यांनाच ठाऊक, पण दुसऱ्या दिवसापासून तक्ते भरून आले.

पगार नऊ ते पाचचा. तक्त्यात सकाळचे आठ आणि संध्याकाळचे साडेसहा. आया कामावर आठला चढतात आणि साडेसहाला उतरतात, मग मूल कुणाच्या हाती देणार? रोजचे अडीच तास, सहा जणी, ३०० दिवस. साडेचार हजार तास. महिना १० हजार पगाराचा तासाला ५० रुपये हिशेब धरला तर २ लाख २५ हजार. शिवाय घरी जाऊन बाटल्यांची झाकणं, चिंचोके, शिंपले धुऊन खेळणी करणं वेगळं, ते मी धरलंसुद्धा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या वस्तूंमधून बालवाडीचं साहित्य उभं केलं, त्याचं आपण कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. पण चिंचोका फुकट असतो, तो वेचणारी बाई फुकट नसते.

सर म्हणाले, "जे आपण दिलंच नाही ते खर्चात कसं धरणार? ऑडिटर मला वेड्यात काढेल." ऑडिटरपुरतं त्यांचं बरोबर होतं. माझीही बावीस वर्षांची सवय तेच सांगत होती, व्हाउचर नाही तर खर्च नाही. मी म्हटलं, ऑडिटरची खतावणी तशीच राहू द्या, हा तक्ता वेगळा. उद्या दुसऱ्या संस्थेने आमचा ६७ चा आकडा बघून पाळणाघर काढलं आणि तिथल्या ताया पाचला घरी गेल्या, तर ते केंद्र महिनाभरसुद्धा चालणार नाही.

भर पडली एकूण ६ लाख ८७ हजारांची. बेरीज २५ लाख ४७ हजार. मूल-दिवसाला ९१ रुपये.

हे झालं खर्चाचं. त्या बदल्यात मिळालं काय, तिथे मात्र मी अडखळले. आमच्याकडे वजनांची वही होती आणि सरांना त्यातून आलेख हवा होता. पण मूल वाढतंच, सहा महिन्यांत वजन वाढलं हा पाळणाघराचा पराक्रम कसा? वयाच्या प्रमाणाशी ताडायला हवं, आणि न येणाऱ्या मुलांशीही. ती मुलं आम्ही कधी मोजलीच नव्हती, आणि सोडून गेलेल्यांची पुढची वजनं कुठून आणणार? मुंबई-वडोदऱ्याच्या शाळांमधल्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास त्या मुलीने दाखवला. बालसखी म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवणारी वस्तीतलीच तरुणी. २००७ मध्ये छापून आलेला. तिथे कोणत्या वर्गाला बालसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणून वर्षाला मुलामागे सव्वादोन डॉलरमध्ये गुण इतके वाढले असं ते छातीठोक सांगू शकले. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. जो येईल त्याला घेतलं होतं.

मग मी मोजता येईल तेच मोजलं. रोजची ९३ मुलं ६८ घरांतली. म्हणजे वर्षाला २०,४०० दिवस कुठली ना कुठली आई मूल आमच्याकडे सोडून कामावर गेली. एका दिवसाला १२५ रुपये पडले. त्या साइटवर बाईची दिवसाची मजुरी ४५० ची. आलेख झकास दिसला असता. पण मी आयांना विचारत गेले, पाळणाघर नव्हतं तेव्हा काय करायचात? निम्म्याहून जास्त जणी म्हणाल्या, कामावर तर जायचोच. मूल साडीच्या झोळीत, चौथ्या मजल्यावर, वाळूच्या ढिगाशेजारी. नाहीतर मोठीजवळ. मोठी म्हणजे आठ-नऊ वर्षांची. ती आता शाळेत जाते का, हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. पुढच्या वर्षी घातला.

अहवालात मी हे सगळे आकडे दिले, कोणता कशाने भागून आला ते लिहून. वजनांचा आलेख दिला नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात शेवटी सहा हजारच छापून आले, फोटोखाली, ठळक. फोनवर मी तक्रार केली तर पलीकडून उत्तर आलं की मजकूर आधीच छपाईला गेला होता.

नव्या अंदाजपत्रकात मात्र 'जादा वेळ, ताया' अशी ओळ मी घातली होती, २ लाख २५ हजारांची. त्यातले दीड लाख मंजूर झाले. उरलेले ७५ हजार माझ्या वेगळ्या तक्त्यात आहेत. त्या रकान्याला मी नाव दिलंय 'न दिलेले'.