बुडबुडा आणि पेशी

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा म्हणून फोन आला, तेव्हा आधी आठवली ती प्रयोगशाळेतली लाकडी पेटी. 1991 साली मी नववीत होतो. अख्ख्या वर्गाला सूक्ष्मदर्शक एकच, तो त्या पेटीत. टेबल खिडकीशी ओढायचं आणि खालच्या आरशावर ऊन धरायचं.

आधी कांद्याचा पापुद्रा झाला. नाशकात कांद्याला काय तोटा! विटा रचाव्यात तशा पेशी दिसल्या. मग गालाची पाळी. बाईंनी दात कोरायच्या काड्या वाटल्या आणि बजावलं, "गालाच्या आतून अलगद फिरवा, खरवडू नका." एका बहाद्दराने इतकं खरवडलं की काडीला रक्त लागलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अस्तर ओलांडून खाली गेलास बाळा. या अस्तरात, म्हणजे अभिस्तरात, रक्तवाहिन्या नसतात; त्याचं पोषण खालच्या थरातून झिरपत येतं."

मी मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकला, वरची काच धपकन ठेवली आणि जे गोल, काळ्या किनारीचं दिसलं ते वहीत मन लावून काढलं. तो हवेचा बुडबुडा निघाला. पेशी शेजारीच होती: फिकट निळी, वेडीवाकडी, एका कडेला दुमडलेली, मधोमध केंद्रकाचा गडद ठिपका. माझ्याच गालाची, आणि मी तिला ओळखलं नाही!

धड्यातली नावं मात्र आम्ही लगेच कामाला लावली. फुप्फुसातल्या वायुकोशांचं चपटं अस्तर पट्टकी, आतड्याचं उभट पेशींचं स्तंभीय, ठोकळ्यासारख्या पेशींचं ते घनाभ. वर्गातला उंच काडीपहिलवान त्या दिवसापासून 'स्तंभीय' झाला.

पुढे डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका, करून मी पंचवटीत एका लॅबमध्ये लागलो. लघवीच्या रिपोर्टात 'एपिथेलियल सेल्स 2-3' ही ओळ रोज कितीदा लिहितो, मोजत नाही. तिला लोक उगाच घाबरतात. त्या अस्तराच्याच पेशी. अस्तर झडतच असतं, मूत्रमार्गातल्या दोन-चार पेशी लघवीत येणारच. आतड्याचं अस्तर तर 3 ते 5 दिवसांत नवं होतं.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ रिपोर्ट नाचवत काउंटरवर आले. "हे एपिथेलियल काय भानगड आहे हो?"

"अभिस्तर रे, स्तंभीय!"

तो दोन क्षण बघतच राहिला. मग स्वतःच्या पोटावर थाप मारून म्हणाला, "आता घनाभ म्हण."